जुलाबांवरचा उपाय अर्धाच छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या आरोग्य पुरवणीत जुलाबांवरच्या घरगुती औषधांची यादी येते. यंदाही आली. बेल, कुडा, नागरमोथा, डाळिंबाची साल, सुंठ, जायफळ. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन ओळी. मी आयुर्वेदाची वैद्य आहे. यातली बहुतेक औषधे माझ्या नेहमीच्या वापरातली आहेत आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच ही यादी वाचून स्वस्थ बसवेना. औषध कोणत्या अवस्थेत द्यायचे, कोणाला मुळीच द्यायचे नाही आणि त्याआधी काय करायचे, हे सगळे त्यातून गळले आहे. ते गाळल्यावर जे उरते त्याला आयुर्वेद म्हणणे मला तरी जमणार नाही.

अतिसाराचा, म्हणजे जुलाबांचा, रोगी समोर आला की वैद्याने पहिल्यांदा पाहायचे ते मळ आम (न पचलेला) की पक्व (पचलेला). मळ चिकट आहे, घाण वास येतो, पोटात मुरडा येऊन थोडे थोडे होते, पाण्यात टाकले तर बुडते, अशी लक्षणे आमाची. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 19वा अध्याय अतिसाराचा आहे. आमातिसारात सुरुवातीलाच मळ बांधणारे औषध देऊ नये, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. दिले तर पोटफुगी, ग्रहणी (जुनाट पोटाचा विकार), मूळव्याध, सूज, ज्वर अशी विकारांची मालिकाच मागे लागते. आधी लंघन (उपास), हलका आहार, सुंठ-नागरमोथ्यासारखी पाचक औषधे, आणि मग गरज उरलीच तर स्तंभन, म्हणजे मळ बांधणारे औषध. पुढच्या काळातल्या ग्रंथकारांनी याला अपवादही नोंदवून ठेवला. रोगी क्षीण झाला असेल आणि जुलाब आवरत नसतील तर आम असला तरी थांबवा, पाचन करत बसलात तर रोगी हातचा जाईल. इतका बारकाईने केलेला विचार ‘डाळिंबाची साल उकळून प्या’ या एका ओळीत कसा मावणार?

त्याच अध्यायात भीतीने आणि शोकाने होणारे अतिसारही वेगळे मोजले आहेत. त्यांवर वातशामक उपचारांबरोबर रोग्याला धीर देणे, त्याचे मन प्रसन्न करणे हीच चिकित्सा सांगितली आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोट बिघडणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मला हा भाग हटकून आठवतो.

आता बेलाचे बघा. आपल्या यादीत नुसते ‘बेलफळाचा गर’ असे होते. जुलाबांवर चालतो तो कच्चा किंवा अर्धकच्चा बेल. कवच फोडले की आत फिकट पिवळा, घट्ट, तुरट गर लागतो. त्याच्या चकत्या करून वाळवतात, त्या बेलकाचऱ्या. पिकलेल्या बेलाचा गर नारिंगी, गोड, वासाला सुरेख आणि बोटांना चिकटणारा. तो पचायला जड आणि पोट सैल करणारा. बाकी फळे पिकल्यावर गुणकारी होतात, बेल मात्र कच्चाच अधिक गुणाचा, हे सुश्रुतसंहितेत सांगून ठेवले आहे. आपली यादी वाचून कोणी जुलाब होणाऱ्या माणसाला पिकल्या बेलाचे सरबत भरभरून पाजले, तर दोष त्या घरच्यांना देता येणार नाही.

कुड्याच्या बाबतीत तर झाडापासूनच घोटाळा सुरू होतो. औषधी तो पांढरा कुडा. त्याची साल कडू आणि बी, म्हणजे इंद्रजव, तेही कडू. काळा कुडा हे वेगळेच झाड आहे. त्याचे इंद्रजव गोड लागतात आणि सालही पांढऱ्या कुड्याच्या सालीच्या नावाखाली खपवली जाते. झाड समोर असेल तर शेंगा पाहाव्यात. दोन्हींना लांब, बारीक शेंगांची जोडी येते, पण पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात, काळ्याच्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. वाळलेली साल चाखून जीभ कडवट झाली नाही, तर ती परत करावी. शिवाय कुड्याची खरी ख्याती आहे ती आवेवर, रक्त-शेंब पडते त्यावर. त्याच्या सालीतल्या कोनेसीन या अल्कलॉइडचा अमिबाच्या आवेवर आधुनिक वैद्यकानेही एके काळी वापर केला होता. लहान मुलांना विषाणूमुळे होणाऱ्या पाण्यासारख्या जुलाबांत, रोटाव्हायरससारख्या आजारात, कुड्याच्या भरवशावर बसणे धोक्याचे आहे. आणि कुड्याचे कुटजारिष्ट बाळाला देताना अरिष्ट आंबवून तयार होते, त्यात मद्यांश असतो, हे लक्षात ठेवावे.

सगळ्यात जास्त चिंता मला जायफळाची वाटते. आपल्या यादीत ते ‘बाळांसाठी उत्तम’ म्हणून दिले आहे. सहाणेवर दोन वेढे उगाळून चाटवले की बाळ शांत झोपते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण ती झोप जायफळाची गुंगी असू शकते, आणि जास्त गेले तर ते बाधतेच. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. जुलाबांनी शरीरातले पाणी आटत चालले की बाळ मलूल होते, डोळे उघडत नाही, दूध ओढत नाही. ही धोक्याची खूण. जायफळ दिलेले असले की घरचे म्हणतात, ‘झोपलंय, आता बरं वाटतंय त्याला.’ अशी बाळे उचलून आणलेली मी पाहिली आहेत. टाळू खोल गेलेली, जीभ कोरडी, लंगोट कित्येक तास कोरडा. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट व्हायला हवी. त्यांची घडी तशीच उभी राहते. अशा वेळी औषधी वनस्पतींची चर्चा करायची नसते, बाळाला तातडीने रुग्णालयात पाठवायचे असते.

अफू घातलेल्या तयार औषधांबद्दल एवढेच, की अहिफेनासव किंवा कर्पूररस ही घरी ठेवायची औषधे नव्हेत. औषध कायद्याच्या नियमांप्रमाणे अशा विषारी घटकांच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. मुलांपासून ती दूरच ठेवावीत.

जुलाबाने माणूस दगावतो तो बहुधा पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ही तूट कुडा भरून काढत नाही, बेल काढत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलराची) साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडावाटे पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 4 टक्क्यांच्या खाली आले. आतड्याला रोग जडला तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी, इतके साधे ते तत्त्व आहे. जलसंजीवनी (ओआरएस) ती हीच. आमच्या ग्रंथांतही अतिसारात पेज, यवागू (दाटसर पेज), लाह्यांचा मंड (पातळ पाणी) यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. पातळ भाताची पेज मीठ घालून दिली तर तांदळातल्या पिष्टाचे (स्टार्चचे) पचून ग्लुकोज होते आणि काम तेच होते. म्हणून माझ्या मते जलसंजीवनी देणाऱ्या वैद्याने शास्त्र सोडले असे होत नाही, तो शास्त्राच्या अगदी जवळ असतो.

माझी विनंती अशी. यापुढे अशी यादी छापाल तेव्हा तिच्या डोक्यावर ठळक चौकट द्या. जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण 1 लिटर पिण्याच्या पाण्यात घोळावे, अर्धेमुर्धे अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ते 14 दिवस झिंक. शौचात रक्त, जोराचा ताप, सतत उलट्या, लघवी बंद, मलूलपणा यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. 6 महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणतीही मुळी उगाळून चाटवू नये. त्यानंतर खाली खुशाल बेल येऊ द्या, कुडा येऊ द्या; पण प्रत्येकापुढे झाडाचा कोणता भाग, कच्चा की पिकलेला, आणि कोणत्या वयाला हे लिहा.

जागेची अडचण असेल तर यादीतली निम्मी औषधे कमी करा, चौकट मात्र कापू नका. तिचा मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे, त्याचे मानधन नको. पुढच्या पुरवणीच्या आधी कळवलेत तर दोन दिवसांत पाठवते.

आपली विश्वासू,
एक वाचक वैद्य