विषय: खोक्यावर १४,००० केल्विन, आत ४,२००. दोन मेटल हॅलाइड बल्ब आणि तुमच्या माणसाने दिलेली धमकी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी पावणेचारला तुमच्या कस्टमर केअरने माझा फोन मध्येच कापला. हा सहावा फोन होता. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

फिटिंग तुमचं, बल्ब तुमचे, खोकं तुमचं. तेव्हा मेटल हॅलाइड हा प्रखर दिवा काय असतो हे तुम्हाला सांगत बसत नाही. माझ्या चार फुटी, साडेचारशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर तुमचं दोन दिव्यांचं फिटिंग सहा वर्षं आहे. दोन्ही टोकांना कॅप असलेले १५० वॉटचे बल्ब, आरएक्स७एस-२४ होल्डर, चोक आणि इग्नायटर वेगळ्या डब्यात. दर अकरा-बारा महिन्यांनी बल्ब बदलतो, कारण पेटत राहिले तरी त्यांचा रंग सरकतो आणि जोर उतरतो. दर वेळी १४,००० केल्विनचेच, म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचेच घेतले (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा), तुमच्याकडूनच घेतले. या वेळीही ऑर्डरमध्ये वॉट, होल्डर आणि केल्विन तिन्ही लिहिलं होतं.

पहिलं पार्सल ७० वॉटचं आलं. तो बल्ब दीडशेच्या बल्बपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर आखूड असतो, होल्डरमध्ये टेकतसुद्धा नाही. फोन केला तर सल्ला मिळाला, "पत्र्या थोड्या वाकवून बसवा." क्वार्ट्झची नळी आहे ती. आणि बसवला असता तर? दीडशेचा चोक १.८ अँपिअर सोडतो, सत्तरच्या बल्बला एक अँपिअरही पुरा लागत नाही. हे तुमच्या माणसाला माहीत नसेल तर त्याने सल्ला देऊ नये.

दुसरं पार्सल दीडशेचं आलं. खोक्यावर प्रवाळाचं चित्र, खाली स्टिकर: मरीन, १४,००० केल्विन. आदल्याच दिवशी जुन्यातला एक बल्ब गेला होता. मी स्टिकर वाचला, हातमोजे घालून बल्ब बसवले. टोकावरची बारीक छपाई तेव्हा वाचली नाही, ही चूक माझी. दहा-पंधरा मिनिटांत बल्ब पूर्ण तापले आणि टाकी पिवळट दिसायला लागली. सहा वर्षं रोज पाहिलेला निळसर पांढरा रंग कुठेच नव्हता.

त्याच संध्याकाळी फोन केला. उत्तर: "नवीन बल्ब आहे सर, शंभर तास जळू द्या, रंग बसेल." नवा मेटल हॅलाइड स्थिर व्हायला साधारण शंभर तास घेतो, हे खरं आहे. म्हणून मी ऐकलं. पण शंभर तासांनी ४,२०० चा बल्ब १४,००० चा होत नाही. एक खरी गोष्ट तुम्ही मला गप्प बसवायला वापरली.

रोज नऊ तास, म्हणजे अकरा दिवस. टाकीत एक बबल टिप ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, होती. सहा वर्षं एकाच खडकाच्या खाचेत पाय रोवून बसलेली, आणि तिच्यात क्लाउनफिशची जोडी. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तिचं बरंचसं अन्न त्या शैवालाकडून येतं, आणि ते शैवाल प्रकाशावर जगतं. प्रकाश मानवला नाही की ॲनिमोन जागा सोडून चालायला लागते. नवे बल्ब लावल्यावर सहाव्या दिवशी ती खडकावरून सुटली. मी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच: शंभर तास होऊ द्या. अकराव्या दिवशी पहाटे ती वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंख्यात, ओढली गेलेली सापडली. अर्धी आत, अर्धी चिंध्या होऊन पाण्यात. दोन दिवस मी आणि माझी बायको पाणी बदलत होतो, पाणी शुद्ध करायला कार्बन टाकत होतो, म्हणून बाकीचे जीव वाचले. क्लाउनफिशची जोडी अजून त्या रिकाम्या खाचेसमोर फिरते.

त्या दिवशी बल्ब काढले आणि चष्मा लावून टोकावरची छपाई वाचली. एनडीएल. दिव्याच्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो: साधारण ४,२०० केल्विन, दुकानाच्या शोकेसचा, कपड्यांवर मारायचा बल्ब. डब्ल्यूडीएल म्हणजे ३,००० च्या आसपास, नुसता डी म्हणजे डेलाइट. हे तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालतो. मग शोकेसच्या बल्बच्या खोक्यावर मरीनचा स्टिकर कोणी लावला?

आता आजचा फोन. जसा झाला तसा लिहितो.

पलीकडचा मुलगा म्हणाला, "वॅटेज किती?"
"दीडशे."
"दीडशेच पाठवलाय. बसला का?"
"बसला."
"पेटतो का?"
"पेटतो."
"मग तक्रार काय आहे?"

मी छपाईचं सांगितलं. तो म्हणाला, उलट हा बल्ब जास्त लख्ख आहे, लुमेन जास्त आहेत, मग तोटा कसला? लुमेन माणसाच्या डोळ्यासाठी मोजतात, आणि आपला डोळा हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त जागा असतो. त्या शैवालाला मुख्यतः निळा हवा, ४०० ते ५०० नॅनोमीटरमधला. हे मी शांतपणे सांगितलं. मग तो म्हणाला, प्रकाश कमी वाटत असेल तर फिटिंगची काच काढून टाका. काच काढा! या बल्बला बाहेरून अतिनील किरण अडवणारं आवरण नसतं, ते काम फिटिंगची काच करते. तुमच्याच माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय की काचेशिवाय पेटवू नये. टाकीतले जीव भाजतातच, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनाही इजा होते.

मी वरिष्ठांना मागितलं. सतरा मिनिटं होल्ड. मग एक गृहस्थ आले. सर नाही, साहेब नाही, सुरुवातच "काका" अशी. मी त्यांचा काका नाही, मी तुमचा ग्राहक आहे. पुढचं वाक्य मी तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं: "काका, एक सांगू का, कोरल घरात ठेवायला बंदी आहे. लेखी तक्रार केलीत तर चौकशी आधी तुमच्याच घरी येईल. बघा बुवा."

बघा बुवा!

कायदा मला ठाऊक आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते योग्यच झालं. मालवणला पाण्याखाली दगडी प्रवाळ मी डोळ्यांनी पाहिले आहेत, ते तिथेच राहावेत. माझ्या टाकीत एकही दगडी प्रवाळ नाही, कधीच नव्हता. ॲनिमोन होती, मशरूम आणि झोअँथिड हे दगडी सांगाडा नसलेले जीव आहेत. पण तुमच्या खोक्यावर चित्र कशाचं आहे ते एकदा बघा. फांद्याफांद्यांचा ॲक्रोपोरा, म्हणजे त्याच यादीतला दगडी प्रवाळ. त्याचं चित्र छापून बल्ब विकायचा, आणि बल्ब चुकीचा निघाला की ग्राहकाला त्याच कायद्याची भीती घालायची? मी त्यांना एवढंच विचारलं. फोन कापला गेला.

या बोलण्याला तुमच्या कंपनीत काय म्हणतात ते मला कळवा. मी त्याला धमकी म्हणतो.

बल्ब ओळखणं अवघड आहे हे मी मान्य करतो. कॅप, वॉट, केल्विन आणि चोक, चारही जुळावं लागतं, आणि केल्विनचा आकडासुद्धा पुरा भरवशाचा नसतो. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी कितीतरी मेटल हॅलाइड बल्ब वेगवेगळ्या बॅलास्टवर, म्हणजे चोकवर, मोजले. खोक्यावरचा आकडा सारखा असला तरी प्रकाश सारखा नसतो, आणि तोच बल्ब दुसऱ्या बॅलास्टवर वेगळा वागतो, हे त्या मोजमापांत स्पष्ट दिसतं. म्हणूनच तर मी दुकानं न बदलता सहा वर्षं तुमच्याकडे आलो. चार ओळखीच्यांना तुमचं फिटिंग घ्यायला लावलं. त्यांना आता काय सांगू?

मला साडेसात हजार रुपये कुरिअरच्या खर्चासह परत हवेत. पर्यायी बल्ब पाठवणार असाल तर आधी टोकावरच्या छपाईचा फोटो पाठवा, मी हो म्हटल्याशिवाय पार्सल निघू नये. आजच्या संभाषणाबद्दल लेखी माफी हवी, त्या गृहस्थांच्या वरच्या माणसाच्या सहीची. फोन तुमच्याकडे रेकॉर्ड होतात, ऐकून घ्या. आणि त्या स्टिकरचे बाकी बल्ब विक्रीतून काढा. ॲनिमोनची किंमत मी मागत नाही, ती तुम्हाला देता येणार नाही.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. माझ्या घरी कोणाला चौकशीला यायचं असेल त्यांनी खुशाल यावं, टाकी दिवाणखान्यात आहे. दोन्ही बल्ब, दोन्ही खोकी आणि स्टिकर जपून ठेवले आहेत.

तुमचा सहा वर्षांचा ग्राहक,
ठाणे

ता. क. पैशाचं पंधरा दिवसांनी बघू, पण काच काढायचा सल्ला आजच्या आज बंद करा. त्या मुलाने तो मला इतक्या सहज दिला, म्हणजे आणखी कोणाला तरी दिला असणार. ज्यांना दिला त्यांना फोन करून काच परत लावायला सांगा.