सावली पायाखाली

कीतो, इक्वेडोर
२२ मार्च

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. विषुववृत्तावर राहतोस म्हणजे घामाच्या धारा लागत असतील, असं तू लिहिलंयस. हे उत्तर मी स्वेटर घालून लिहितोय. रात्री इथे दोन गोधड्यांशिवाय झोप लागत नाही.

शाळेत आपण 'विषुववृत्तीय हवामान उष्ण व दमट असते' हे घोकलं होतं. ते चूक नव्हतं, अपुरं होतं. याच रेषेवर पूर्वेला उतरून अॅमेझॉनच्या जंगलात गेलास तर पुस्तकातलं हवामान जसंच्या तसं भेटेल. सकाळी लख्ख ऊन, मग हवा तापून वर चढते, ढग दाटतात आणि दुपार कलली की आरोह पर्जन्य कोसळतो. पण कीतो आहे २,८५० मीटर उंचीवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे इथली सरासरी चौदा-पंधरा अंश, आणि जानेवारी असो की जुलै, त्यात जेमतेम अंशभराचा फरक. थंडी हवी असेल तर डिसेंबरची वाट बघून उपयोग नाही, डोंगर चढावा लागतो. शेतकरीही उंची बघूनच पेरतात. खाली मका, त्याच्या वर बटाटा, त्याहून वर पारामो नावाचं ओलं, वाऱ्याचं गवताळ रान, आणि शेवटी बर्फ. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा निसर्गशास्त्रज्ञ १८०२ मध्ये इथल्या चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हा त्याने हेच पाहिलं आणि कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती हे एकाच चित्रात मांडलं. मला ते चित्र आता कुठे खरं समजलं.

चिंबोराझोचं आणखी एक सांगतो. त्याची उंची ६,२६३ मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा कितीतरी कमी. तरी पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत लांब असलेलं टोक त्याचंच, कारण पृथ्वी कमरेत फुगलेली आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. हा फुगवटा खरोखर आहे का, हे ठरवायला १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इथे आले. ला काँदामीन, बुगेर, गोदँ. डोंगराच्या माथ्यांवर खुणा उभारून, थंडीवाऱ्यात कुडकुडत त्यांनी वर्षानुवर्षं मोजणी केली आणि पृथ्वी मधे फुगलेली असल्याचं न्यूटनचं म्हणणं खरं ठरलं. त्या आठवणीत इथे तीस मीटर उंचीचं स्मारक आहे. उपग्रहाच्या मोजणीनुसार खरी रेषा तिथून सुमारे २४० मीटर उत्तरेला जाते, पण त्या माणसांच्या चिकाटीपुढे मला ते अंतर काहीच वाटत नाही.

स्मारकाच्या परिसरात रेषेच्या दोन बाजूंना भांड्यातलं पाणी उलटसुलट फिरवून दाखवतात. तुझ्या वर्गात कुणी विचारलं तर सांग, ते खरं नाही. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात, पण तो परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो, आणि भांड्याएवढ्या पाण्यात तो कुठेच दिसत नाही. तो परिणाम इथे शून्य, म्हणून तर या रेषेला लागून चक्रीवादळंही जवळजवळ होत नाहीत.

आता परवाचा दिवस. विषुवदिन होता, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्ताच्या डोक्यावर, म्हणून मी कायांबेजवळच्या कित्सातो या सूर्यघड्याळापाशी गेलो. गोट्यांनी मढवलेलं ५४ मीटर व्यासाचं अंगण, मधोमध दहा मीटर उंचीचा नारिंगी खांब. सकाळी त्याची सावली पश्चिमेकडे लांबलचक पसरली होती. ती आखडत आखडत आली. माझ्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली आणि खांबाला सावली उरली नाही. मी माझ्या पायांकडे पाहिलं. टोपीच्या कडेची गोल काळी चकती तेवढी बुटांभोवती पडली होती. शेजारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पोरगं स्वतःची सावली शोधायला खाली वाकत होतं. मला का कोण जाणे, भरून आलं.

इथल्या मूळनिवासी किचवा लोकांचं नवं वर्ष याच सुमारास सुरू होतं. त्याला ते 'मुशुक नीना' म्हणतात, म्हणजे नवा अग्नी. जमिनीवर फुलांच्या पाकळ्या, कणसं, फळं वर्तुळात मांडून मधे तो पेटवतात. जूनमध्ये, सूर्य उत्तरेच्या टोकाला असताना, इंती रायमी येतो. तो सुगीचा सण. त्यात 'आया उमा' असतो, पुढे एक आणि मागे एक अशा दोन तोंडांचा मुखवटा घालून नाचणारा. ते बघायला मी जूनपर्यंत राहणारच आहे.

दिवस-रात्र इथे वर्षभर सारखीच. सूर्य सरळ उभा खाली उतरतो, त्यामुळे तिन्हीसांजा रेंगाळत नाहीत. कंदील लावायला उठावं तोवर अंधार. माझ्यासोबत केनियातला एक सहकारी आहे. त्याच्या स्वाहिलीत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते, सकाळी सातला तो 'सा मोजा', म्हणजे एक वाजला, म्हणतो. जिथे रोज सहाच्या आगेमागे उजाडतं, तिथे घड्याळ असंच लागायला हवं. इंडोनेशियात या रेषेचं नाव 'खातुलिस्तिवा', मूळ अरबी, अर्थ समानतेची रेषा. आपल्या 'विषुव'चा अर्थही समान दिवस-रात्रीचाच. तिथल्या पोंतियानाक शहरात या रेषेचा स्तंभ आहे, १९२८ पासूनचा. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तिथेही सावली नाहीशी होण्याचा सोहळा होतो. म्हणजे परवा, मी इथे पायाकडे बघत होतो त्याच सुमारास, जगाच्या पार पलीकडेही लोक आपापल्या पायांकडे बघत उभे होते.

रात्री आभाळ उघडलं की मी गच्चीवर जातो. ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजावर टेकलेला असतो, म्हणून डोंगराआड दिसत नाही. पण दक्षिणेला त्रिशंकूचा तारकासमूह छान वर येतो.

एक काम कर. २२-२३ सप्टेंबरला तुझ्या अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी कर. दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिची लांबी मोज. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरी ताण आणि ती काठीशी वरच्या बाजूला किती अंशांचा कोन करते ते बघ. तो कोन म्हणजे तुझा अक्षांश. माझ्या वहीत परवाच्या तारखेपुढे शून्य लिहिलंय. खालची ओळ तुझ्या आकड्यासाठी मोकळी ठेवली आहे, पत्राने कळव.

तुझाच,
विनू