सायकल निवडून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

ठाणे

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले दुकान दुरुस्तीचे. नवी सायकल आपण विकत नाही. तरीही माझी नवी सायकल निवडताना, समोर पंक्चरची कामे खोळंबलेली असूनही, आपण जो वेळ दिलात आणि ज्या बारकाईने एकेक गोष्ट समजावून सांगितलीत, त्याबद्दल केवळ तोंडी आभार मानून माझे समाधान होत नव्हते. आपला सल्ला ठाण्यातल्या आणखी चार जणांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

दुकानांतून फिरताना मला सगळीकडे गिअर किती आणि शॉकअप आहे की नाही, एवढेच सांगितले जात होते. आपण मात्र आधी माझा रस्ता विचारलात. रोज वसंत विहारहून कासारवडवलीपर्यंत डांबर, काँक्रीट, मध्येच निखळलेले पेव्हर ब्लॉक आणि खोदकामाची खडी. रविवारी येऊरचा चढ आणि वर पोहोचल्यावर पाड्यांच्या बाजूची मुरमाची वाट. हे ऐकून आपण म्हणालात की बहुतेक अंतर पक्क्या रस्त्याचे असताना जाड खाचांच्या टायरची माउंटन सायकल रोज ओढण्यात अर्थ नाही आणि अगदी अरुंद टायरची रोड सायकल मुरमावर हाल करील. तेव्हा या दोन्हींच्या मधली, रुंद टायर मावणारी हायब्रिड पाहावी.

टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचायला मी आपल्याकडेच शिकले. ४२-६२२ असे लिहिलेले असेल तर ४२ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी म्हणतात ते हेच चाक. पुढे आपण दुरुस्तीला आलेल्या एका सायकलीच्या टायर आणि फ्रेम यांच्या फटीत बोट घालून दाखवलेत. ते जेमतेम शिरत होते. अशा फ्रेममध्ये पुढे कधी रुंद टायर घालावासा वाटला तरी तो बसणार नाही आणि चिखल अडकला तर चाक घासू लागेल, हे त्या एका कृतीने मला जितके पटले तितके कोणत्याही माहितीपत्रकाने पटले नसते. मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि कडांना खाचा असलेला टायर आपण सुचवलात. रोजच्या रस्त्यावर मी त्यात ५० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास हवा ठेवते आणि रविवारी ती ४० च्या खाली आणते. मुरमावरची पकड लगेच सुधारते आणि मनगटांना बसणारे हादरेही कमी होतात.

शॉकअपबाबत आपले मत ठाम होते आणि आता माझेही तसेच झाले आहे. कमी किमतीच्या सायकलींवरचा स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा शॉकअपचा चिमटा, वजनदार असतो आणि चढावर उभे राहून पेडल मारताना तो दबत राहिल्याने पायांची ताकद त्यातच जिरते. मोठ्या दगडांच्या उतारावर चांगल्या शॉकअपला पर्याय नसेलही, परंतु मुरमाच्या वाटेला रुंद टायर आणि साधा फोर्क पुरतो.

गिअरची संख्या बाजूला ठेवून आपण दाते मोजायला लावलेत. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दाते सारखे असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते. येऊरसाठी याहून जड गिअर घेऊ नये, असे आपण बजावले होते. माझ्या सायकलीला पुढे ३० आणि मागे ३४ दाते आहेत. त्या चढावर आता मला उतरून सायकल ढकलावी लागत नाही, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

डिस्क ब्रेक केबलचेच घ्यावेत, कारण ते पावसात रिमच्या ब्रेकपेक्षा भरवशाचे असतात आणि केबल कुठेही बदलून मिळते. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरसाठी भोके आहेत का, ते पाहावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर फ्रेमची वरची दांडी अंगाला न लागता खाली मोकळी राहते का, ते चालवण्याआधीच तपासावे, या आपल्या सूचनाही मी तंतोतंत पाळल्या.

नव्या केबल सुरुवातीला थोड्या ताणल्या जातात, असे आपण सांगितले होते. त्याप्रमाणे गिअर जुळवून घेण्यासाठी मी येत्या आठवड्यात येईन. सोबत माझी नेरूळची मैत्रीण असेल. तिचे जाणे-येणे सगळे पाम बीच रोडचे, म्हणजे सपाट आणि डांबरी, त्यामुळे माझ्यासारखीच सायकल घेण्याचा तिचा विचार आपल्याला पटणार नाही, असे मला वाटते. तिलाही आपण तिचा रस्ता विचारावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वसंत विहारमधील एक ग्राहक