युंगफ्राऊऐवजी रिगी सुचवणाऱ्या ताईंस आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात मुलांकडे झुरिकला राहायला आलेल्या आम्हा आई-वडिलांच्या गटाला आपण रिगी पर्वताची एका दिवसाची सहल घडवली, त्याबद्दल सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. पुढे येणाऱ्या पालकांनाही आपल्या कामाची माहिती व्हावी, म्हणून ते खासगी न ठेवता सर्वांसमोर मांडत आहे.

सर्वांत मोठे उपकार म्हणजे आपण आम्हाला युंगफ्राउयोखच्या बेतापासून परावृत्त केले. गावी परतल्यावर ‘बर्फ पाहिला का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाणार होता, त्यामुळे 3454 मीटर उंचीवरच्या, युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानकाचाच बहुतेकांचा आग्रह होता. त्या उंचीवर प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो, हे आपण शांतपणे समजावले. आणि कोणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे, याची चौकशी चारचौघांत न करता प्रत्येकाला वेगळा फोन करून केली. मगच 1798 मीटर उंचीच्या रिगीचे नाव काढले. स्विस ट्रॅव्हल पास असणाऱ्यांना तिथे वेगळे तिकीट काढावे लागत नाही, ही गोष्ट आपण आमचा होकार मिळाल्यानंतर सांगितली, याचे आम्हाला विशेष वाटले.

ठरलेल्या सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्यात नुसते धुके दिसत होते, म्हणून आपण सहल दुसऱ्या दिवसावर ढकलली. दशम्या आणि दाण्याची चटणी करून ठेवलेल्या मंडळींनी त्या वेळी जी कुरकुर केली, ती ल्युसर्नहून बोट सुटताच विरली, कारण सरोवराच्या दोन्ही अंगांचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होते.

रिगीच्या पायथ्याशी, फिट्झनाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर आपण आम्हाला लगेच गाडीत न बसवता आधी रुळांपाशी नेले. निक्लाउस रिगेनबाख यांनी 1871 मध्ये सुरू केलेली ही युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे. तिच्या दोन रुळांच्या मधोमध शिडीसारख्या आडव्या दांड्यांची लोखंडी पट्टी असते, गाडीखालचे दातेरी चाक त्या दांड्यांत अडकत वर चढते, आणि वाफेच्या काळात चढावर पाण्याची पातळी बिघडू नये म्हणून इंजिनाचे बॉयलर उभे ठेवले जात, हे सारे आपण रुळांकडे बोट दाखवून सांगितले. आमच्या गटात रेल्वेत नोकरी केलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी तिथेच माथेरानचा विषय काढला. नेरळहून निघणारी गाडी सुमारे वीस किलोमीटर वळणे घेत साडेसातशे मीटरच्या आसपास चढते, कारण दातेरी पट्टीशिवाय तिला वीसास एक याहून तीव्र चढ झेपत नाही. इकडे मात्र चारास एक असा चढ असल्यामुळे सात किलोमीटरांत तेराशे मीटर वर जाता येते. त्यावर, माथेरानची गाडी सुरू झाली त्याच 1907 साली रिगीच्या दुसऱ्या अंगाचा, आर्थ-गोल्डाऊकडचा मार्ग विजेवर आला, असे आपण सांगितले आणि त्या गृहस्थांचा दिवस तिथेच सार्थकी लागला.

रिगी कुल्म स्थानकापासून माथ्यापर्यंतची शेवटची चढण पंचेचाळीस मीटरचीच असली तरी गुडघे दुखणाऱ्यांना ती पुष्कळ होते. आपण स्वतः त्यांच्याबरोबर मागे राहिला, बाकड्यांवर बसत बसत त्यांना वर आणले, आणि जे आले नाहीत त्यांना उपाहारगृहाच्या गच्चीवर झूग सरोवराच्या बाजूची जागा मिळवून दिली. समोरच्या रॉसबर्ग डोंगरावरचा उघडा पट्टा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नसता. 2 सप्टेंबर 1806 रोजी तिथून कडा कोसळून गोल्डाऊ गाव गाडले गेले आणि 457 माणसे दगावली, हे ऐकून माळीण आणि तळिये या गावांची नावे आमच्यात आपोआप निघाली. उतरताना आपण आम्हाला त्याच गोल्डाऊला नेले. तिथून झुरिकची थेट गाडी मिळाल्यामुळे थकलेल्यांची पायपीट वाचली. आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे आपण प्रत्येक टप्प्यावर न विचारता सांगत होता, याचे मोल आमच्या वयाच्या माणसांनाच कळेल.

बोटीवरच्या चहाचे पैसे आपण आम्हाला देऊ दिले नाहीत, त्याची तक्रार मात्र येथे नोंदवून ठेवते.

जाता जाता एक विनंती. बोटीच्या व गाड्यांच्या वेळा, कोणत्या बाजूला बसावे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कुठे भराव्यात, हे आपण आपल्या हाताने लिहून दिलेला कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या पालकांना त्याच्या प्रती देण्यास आपली परवानगी असावी. वेळा बदलल्या असल्यास तेवढ्या दुरुस्त करून कळवाव्यात.

आपली स्नेहांकित,
गटातील सर्वांच्या वतीने एक आई