मुचकुंदी गोडी कुठे सोडते

सातवली, जि. रत्नागिरी
वैशाख अमावास्या

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘तुमची मुचकुंदी नदी संपते कुठे आणि खाडी सुरू होते कुठे, ते एकदा नीट कळव’ असे तू लिहिले होतेस. आज अमावास्येचे उधाण असल्यामुळे दुपारची भरती साधून मी नदीवर जाऊन आलो, म्हणून हे उत्तर आजच लिहितो आहे.

आधी उगमाचे सांगतो. विशाळगडासमोर, मधली दरी ओलांडली की, लांजे तालुक्यातले माचाळ लागते. तिथल्या डोंगरात मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. कालयवनाला श्रीकृष्णाने ज्या गुहेत नेले आणि झोपमोड झालेल्या मुचकुंदाच्या दृष्टीने तो भस्म झाला, ती हीच, असे इकडे मानतात; नदीला नावही त्यांचेच मिळाले आहे. या सह्यधारेच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस पंचगंगेतून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जातो आणि अलीकडे पडलेला पूर्णगडाला समुद्रात उतरतो. माचाळ ते पूर्णगड हे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही, आणि एवढ्यात नदीला हजार मीटरच्या आसपास उतरायचे असते. त्यातली बहुतेक उंची ती कड्याखाली येईपर्यंतच संपवते. पुढे खोरनिनकोचे धरण लागते, शिवकाळात सुभ्याचे ठिकाण असलेली प्रभानवल्ली लागते. लांज्याच्या दक्षिणेस मुंबई–गोवा महामार्ग तिला ओलांडतो, आणि मग ती जांभ्याच्या सड्यांमधून, म्हणजे तांबड्या दगडाच्या उघड्या पठारांमधून, वळणे घेत आमच्याकडे येते.

आता तुझा प्रश्न. मी काठावरच्या कातळावर उभा राहून ओंजळभर पाणी तोंडात घेतले, तर ते मचूळ लागले. मग दगड बांधलेली बाटली दोरीने डोहाच्या तळाशी सोडली आणि बूच दुसऱ्या दोरीने ओढले. ते पाणी चाखले तेव्हा मात्र जीभ आखडली, इतके ते खारट होते. खारे पाणी जड असल्याने भरतीबरोबर ते तळाने वर सरकते आणि नदीचे हलके गोडे पाणी त्याच्या पाठीवरून समुद्राकडे वाहत राहते. म्हणजे एकाच जागी, पुरुषभर खोलीत, वर नदी असते आणि खाली खाडी. नकाशावर जिथे नाव बदलते तिथे पाणी काही बदलत नाही, हे मला आज जिभेने पटले.

ही हद्द महिन्यागणिकच काय, दिवसागणिक हलते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाण्याला जोर नसतो, तेव्हा खारे पाणी खालीच थबकते. वैशाखात वरून येणारी धार करंगळीएवढी उरते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. चैत्र लागला की सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात आणि समुद्र आमच्या वाडीखालपर्यंत चढून येतो. आषाढात सगळे उलटे होते. वर्षाचा तीन मीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, घाटमाथ्यावर तर त्याहून जास्त, आणि तांबडे पाणी खाडीतला खार बाहेर लोटून देते. त्या दिवसांत मी पूर्णगडाच्या तटावर उभा राहून पाहिले आहे: मुखापासून दूरवर समुद्र गेरूच्या रंगाचा झालेला असतो. नदी कुठे संपते म्हणून तेव्हा विचारलेस, तर मी तुला समुद्रातच बोट दाखवीन.

त्या तांबड्या पाण्याबरोबर डोंगराची मातीही येते, आणि याचे मला खरे दुःख आहे. एके काळी मचवे, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्या, भरतीवर माल घेऊन सातवलीपर्यंत येत आणि इथून तो बैलांच्या पाठीवर घाटाकडे चढे. आज ओहोटीला साधी होडीही जपून काढावी लागते. उतारावरची झाडे तुटली की माती मोकळी होते, आणि खालच्या संथ पाण्यात, जिथे भरती नदीचा वेग मोडते, नेमकी तिथेच ती बसते. राजापूरचे बंदर गाळाने गेले ते सगळे सांगतात. आमच्या सातवलीबद्दल मात्र कोणी हळहळत नाही.

मुखाशी उत्तरेला पूर्णगडाचा छोटा किल्ला आहे आणि पुलापलीकडे गावखडीची पुळण व सुरूचे बन. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. जी पुळण त्यांना लागते, ती लाटा, वारा आणि ही नदी यांच्या ओढाताणीतून घडते, म्हणून मुखाजवळ वाळूला कोणी हात लावला की माझा जीव खालीवर होतो.

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की ये. चढणीचे मासे त्या वेळी नदीतून वहाळात आणि वहाळातून शेतात चढतात. ते रात्री बत्तीच्या उजेडात तुला दाखवायचे आहेत. बाटली आणि दोरी मी जपून ठेवली आहे. त्याच कातळावरून ती पुन्हा सोडू आणि तळाचे पाणी या वेळी तू चाख.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक