अंतराळवीर तरंगतात, ते गुरुत्वाकर्षण नसते म्हणून नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंतराळ स्थानकाची बातमी आली की ‘शून्य गुरुत्वाकर्षणात तरंगणारे अंतराळवीर’ हे शब्द ठरलेलेच. आपल्या अंकातही ते मी अनेकदा वाचले आहेत. दहावीला विज्ञान शिकवणारी शिक्षिका म्हणून कळकळीची विनंती आहे, की ते कृपया टाळावेत.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हा वर्गात पुस्तकातला पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षणाचा, चालू होता. ते का तरंगतात, असे विचारल्यावर सगळ्या वर्गाचे एकच उत्तर आले : तिथे गुरुत्वाकर्षण नसते. आदल्याच दिवशी याच मुलांनी न्यूटनचा नियम घडाघडा म्हणून दाखवला होता. मग तोच नियम फळ्यावर मांडून, स्थानक असते त्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो ते, काढायला लावले. उत्तर आले सुमारे ८.७. जमिनीवर ते ९.८ असते, म्हणजे फरक जेमतेम एक दशांशाचा! पावणेचार लाख किलोमीटरहून दूर असलेल्या चंद्राला पृथ्वी धरून ठेवते, तर ४०० किलोमीटरवर तिची ओढ कशी संपेल?

तरीही मुलांचे चेहरे कोरेच होते. म्हणून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी कर्कटकाने भोक पाडले आणि झाकण न लावता ती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली सोडायला लावली. हातात असेपर्यंत धार लागलेली. बाटली सुटली आणि धार बंद झाली. “बाई, पाणी थांबलं!” खाली उभी असलेली मुलगी ओरडली. नंतर तिचाच प्रश्न आला, “मग बाटलीतलं गुरुत्वाकर्षण गेलं कुठं?” कुठेच गेले नव्हते. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडत होते, त्यामुळे पाण्याचा तळावर दाबच उरला नव्हता. स्थानक आणि आतली माणसे अशीच सतत पडत असतात, फक्त सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने आडवी जात असल्यामुळे पृथ्वीची गोलाई त्यांच्याखालून तेवढीच वळत जाते.

ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो, आणि मला तो फार आवडतो. एक किलोची वस्तू ४०० किलोमीटर नुसती वर न्यायला सुमारे ३७ लाख ज्यूल लागतात. तिथे टिकून राहण्यासाठी तिला जो वेग द्यावा लागतो, त्याची गतिज ऊर्जा २ कोटी ९० लाख ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे अग्निबाणाचे बहुतेक कष्ट उंची गाठण्यात नव्हे, वेग मिळवण्यात जातात. परीक्षेत उदाहरणे पैकीच्या पैकी सोडवणाऱ्या मुलांनाही हे माहीत नसते, कारण आकडे सूत्रात घालून उत्तर काढले की आमचे शिकवणे संपते. यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

‘वजनरहित अवस्था’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द सोपा आहे आणि अचूकही. गगनयानाच्या बातम्या येतील तेव्हा तो वापरावा, आणि जमल्यास शालेय पुरवणीत बाटलीचा हा प्रयोग चित्रासह छापावा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा