सोलापूर पलटलं म्हणतोस, पण कुठलं सोलापूर?

सोलापूर
5 जानेवारी 2025, रविवार

प्रिय शिवा,

काय लगा, परवा रात्री तुझा मेसेज बघितला. 'तुमच्या सोलापूरकरांचं काय कळत नाही, जूनमध्ये लोकसभेला एक, नोव्हेंबरमध्ये विधानसभेला भलतंच', आणि खाली तीन हसणारी तोंडं. तुमच्या म्हणे! बाणेरला फ्लॅट घेतला म्हणून सोलापूर लगेच आमचं एकट्याचं झालं का बे? रिप्लाय टाईप करायला लागलो तर तो संपेचना, मग पुसून टाकला, म्हटलं रविवार आहे, मार्केट यार्ड बंद, निवांत पत्रच लिहू. चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, सोलापूर म्हणजे नेमकं काय ते सांग. माझंच घर घे. मी हितं शहरात, आत्या वेळापूरला, सासुरवाडी वैरागला. तिघं एकाच जिल्ह्यातले, कलेक्टर एक, पण लोकसभेला मी सोलापूरला मत देतो, आत्या माढ्याला आणि मेव्हणा धाराशिवला, कारण बार्शी तालुका तिकडं जोडलाय. माढ्यात परत फलटण आणि माण हे साताऱ्याचे दोन तालुके घातलेत. 2009 पासून हे असंच आहे पण टीव्हीवाले 'सोलापूर जिल्ह्यानं कौल दिला' म्हणून मोकळे होतात, आणि तू त्यांचंच ऐकून मला शिकवायलास.

2019 ला तिन्हीकडं युती होती. हितं जयसिद्धेश्वर महास्वामी, माढ्यात रणजितसिंह नाईक-निंबाळकर, दोघंही भाजपचे, आणि धाराशिवला शिवसेनेचे ओमराजे. राज्यात 48 पैकी 41 युतीच्या, काँग्रेसची फक्त एक, ती पण चंद्रपूरची. आणि 4 जून 2024 ला महायुती 17 वर, आघाडी 30, सांगलीचे विशाल पाटील अपक्ष. काँग्रेस एकावरून 13 वर, भाजप 23 वरून 9 वर. आमच्याकडं तर तीन खासदार तीन पक्षांचे आणि तिन्ही आघाडीचे, प्रणिती शिंदे काँग्रेस, धैर्यशील मोहिते-पाटील तुतारी म्हणजे शरद पवारांची राष्ट्रवादी, ओमराजे मशाल म्हणजे ठाकरेंची सेना. ओमराजे तर तोच माणूस, तंबू तेवढा दुसरा, तरी सव्वातीन लाखांच्या वर लीड!

आता ह्याला तू लाट म्हणणार. मी नाही म्हणत, कारण मी मुनीम माणूस, आमच्या गाळ्यावर लोक कशावर बोलतात ते रोज ऐकतो.

तुला ते प्रकरण आठवत असेल, फेब्रुवारी 2023 ला पेपरात आलेलं, बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं आमच्या यार्डात 512 किलो कांदा विकला आणि हातात 2 रुपयांचा चेक पडला. आमच्या गाळ्यावरचं नव्हतं ते, पण तू फोन करून मलाच शिव्या घातल्या होत्यास. अरे, ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, कशी निघते बघ. कांदा रुपया किलोनं गेला म्हणजे झाले 512. त्यातनं हमाली वजा, तोलाई वजा, गाडीभाडं वजा, राहिले 2 रुपये 49 पैसे, आणि चेकवर पैसे लिहायचे नाहीत म्हणून 2. पेनानं आकडे मांडणाऱ्याची काही चूक नसते आणि तरी समोरचा माणूस ती पट्टी हातात धरून उभा राहतो तेव्हा वर बघवत नाही. मी दोनदा-तीनदा असं केलंय की पट्टी खिडकीतनं सरकवली आणि लगेच दुसरी लिहायला घेतली, उगंच.

मग 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी. ऐन आवकेच्या दिवसात. तू यार्डाजवळ हैदराबाद रोडला त्या दिवसात येऊन बघ, पहाटे गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते. ती बंदी उठवली कधी तर 4 मे ला, आणि आमच्या तिन्ही मतदारसंघांचं मतदान 7 मे ला. वर 40 टक्के शुल्क ठेवलंच. वैरागचा मेव्हणा म्हणला, दाजी, कांदा विकून झाल्यावर बंदी उठवली, आता काय चाळीत माती भरून पाठवू का. त्याचं घर पहिल्यापासून युतीवालं बरं का. त्यात जरांगेंचं मराठा आरक्षणाचं आंदोलन होतंच, गावोगाव पुढाऱ्यांना आत येऊ देत नव्हते.

माढ्याचं गणित मात्र वेगळं. तिथं कांदा दुय्यम, अकलूज, म्हणजे मोहिते-पाटलांचं घर, पहिलं. 2019 ला मोहिते-पाटील भाजपबरोबर होते म्हणून माळशिरसनं निंबाळकरांना लाखाचं लीड दिलं आणि ते निवडून आले. 2024 ला तिकीट परत त्यांनाच दिलं, धैर्यशील बाहेर पडले, उत्तमराव जानकर पण तिकडंच गेले, झालं, एक लाख वीस हजारांवर फरक. हे तर एका अपक्षाच्या, तुतारीसारख्याच दिसणाऱ्या पिपाणी चिन्हानं पन्नास हजारांच्या वर मतं खाऊन! माझ्या आत्यानं पण पिपाणीच दाबली. घरी येऊन सांगते 'तुतारीला दिलं, पण त्या चित्रात माणूस नव्हता बाई'. त्या चिन्हाचं नाव पण तुतारीच होतं म्हणे, तिची काय चूक. साताऱ्यात तर ह्याच पिपाणीला 37 हजार पडली आणि तुतारीचे शशिकांत शिंदे 32 हजारांनी पडले. तिथं उदयनराजे निवडून आले त्यात थोडा वाटा माझ्या आत्यासारख्यांचा.

आणि आपलं शहर? हितं 2019 ला प्रणितीताईंचे वडील सुशीलकुमार शिंदे 1 लाख 58 हजारांनी पडले होते आणि प्रकाश आंबेडकरांना 1 लाख 70 हजार मतं होती. साधी बेरीज आहे. ह्यावेळी आंबेडकरांच्या वंचितच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्जच मागं घेतला आणि तिकडं भाजपच्या '400 पार'नं घटना बदलायची भीती घातली. आमच्याकडचा एक हमाल, नाव नको, 2019 ला गळ्यात निळा घालून फिरत होता, ह्यावेळी गप. विचारलं तर म्हणला 'मागल्या खेपेला साहेबाला दिलं, वाया गेलं, ह्या खेपेला घटनेचं बघू.' बाकी उन्हानं सगळे मरगळलेले, माझ्या बूथवर दुपारी एक ते चार कुत्रं नव्हतं.

भाजपनं पण काय केलं, 2014 ला शरद बनसोडे, 2019 ला महास्वामी, 2024 ला राम सातपुते, दर वेळी नवा माणूस. म्हणजे जुन्याचा हिशोब कुणी मागायचाच नाही! प्रणितीताईंनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून 'बाहेरचा' ठरवलं त्यांना. खरं तर ते माळशिरसचे आमदार होते, आणि माळशिरस काय पाकिस्तानात आहे का, जिल्ह्यातलंच. पण हितल्या लोकसभेत येत नाही ना, मग बाहेरचं. बघ, तुकड्यांची कशी सवय झालीय आपल्याला. मोदींची होम मैदानावर सभा झाली, तरी 74 हजारांनी गेली सीट. शहर उत्तर आणि अक्कलकोटात सातपुतेच पुढं होते, ताईंना तारलं मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढ्यानं. आईचा 2004 ला, वडिलांचा दोनदा पराभव झालेली सीट पोरीनं काढली, तेवढं मानायलाच पाहिजे, मी काय काँग्रेसवाला नाही तुला माहितीय.

आता तुझा नोव्हेंबर, विधानसभेचा. राज्यात महायुतीला 230 च्या आसपास जागा, सगळं साफ. आपल्या लोकसभेतल्या सहा जागांपैकी पाच भाजपनं घेतल्या, फक्त मोहोळ तुतारीला. ताईंची स्वतःची शहर मध्य सुद्धा गेली, देवेंद्र कोठे आले, आणि हे कोठे घराणं एके काळी सुशीलकुमार शिंदेंचा उजवा हात, तू तर त्याच भागात वाढलास. सोलापूर दक्षिणला मतदानाच्या दिवशी सकाळी त्याच शिंदेंनी आघाडीचा उमेदवार सोडून अपक्ष काडादींना पाठिंबा जाहीर केला. असला घोळ घातल्यावर काय होणार? आमच्या हिला लाडक्या बहिणीचे दीड हजार आले, तिनं मला विचारलं पण नाही कुणाला द्यायचं. बरोबरच केलं म्हणा.

पण बाकीचा जिल्हा बघितलास का? माळशिरस, माढा, करमाळा तुतारी. सांगोला शेकाप. बार्शी सोपलांची मशाल. राज्यभर सगळं वाहून जात असताना जिल्ह्यातल्या अकरापैकी सहा जागा विरोधकांच्या. म्हणजे पलटलं ते आपलं शहर आणि आजूबाजूचं, आणि ते पण लोकसभेला धड कुठं पलटलं होतं, शहर उत्तर तेव्हाही तिकडंच होतं. तिकडचे बहुतेक लोक जिथं जूनमध्ये होते तिथंच नोव्हेंबरमध्ये राहिले. माळशिरस तालुक्यातले मारकडवाडीवाले तर मशीनवर विश्वास नाही म्हणून बॅलेटवर परत मतदान घ्यायला निघाले होते, पोलिसांनी थांबवलं, ते वाचलं असशील.

असो. गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, येणार आहेस का ते सांग. नंदीध्वज बघायला पोरांना घेऊन ये, गच्ची मोकळी आहे. पाणी मात्र चार-पाच दिवसाआडच येतंय अजून, आंघोळीचं बघून घेऊ.

हां, एक राहिलंच. गेल्या महिन्यात कांदा परत घसरला तेव्हा वैरागकडचे चौघं शेतकरी गाळ्यावर आले, निवेदन लिहून आणलं होतं, निर्यातशुल्क काढा म्हणून. मला विचारायलेत, मुनीम, खासदाराला द्यायचंय, कुठल्या? आम्ही धाराशिवचे, यार्ड सोलापुरात, आणि ह्याची जमीन माढ्याकडं. मी पण डोकं खाजवलं. शेवटी समोरच्या दुकानातनं तीन झेरॉक्स काढून दिल्या, वर तिघांची नावं घातली. सहा रुपये झाले. ते काय पट्टीत धरले नाहीत.

तुझा,
नाग्या